अमेरिकेतही चारच वर्षं!

दादाचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी इथल्या ग्रेट लेक्स या अमेरिकी नौदल तळाच्या पुढच्या सिग्नलला थांबलो होतो. घरच्या ग्रुपवर अग्निपथवरून दोन दिवस जुंपली होती. चार वर्षांनी शंभरातल्या पंच्याहत्तर पोरांना घरी पाठवायचं तर तिला नोकरी कसली म्हणायची, असं एका मावसभावाने लिहिलं होतं. त्यावर दादाचा आवाज चढला होता. "अरे, अमेरिकेतसुद्धा चारच वर्षं घेतात पोरांना. आपला संज्या तिथंच राहतो, विचारा त्याला. जगातली सगळ्यात ताकदवान नेव्ही तशी चालते, मग आपल्यालाच काय धाड भरली?"

असं साक्षीला बोलावलं की माझं डोकं फिरतं. बावीस वर्षं झाली इथे. गावाला माझी आठवण होते ती वादात अमेरिका लागते तेव्हा, आणि लागते तीही अर्धीच.

चारचा आकडा खरा आहे. इथल्या आरमाराचा पहिला करार बहुधा चार ते सहा वर्षांचा असतो आणि राखीव दलातली वर्षं धरून एकूण बांधिलकी आठ वर्षांची. पेन्शन वीस वर्षांनी, आणि बहुतेक जण तिथवर पोचत नाहीत. इथपर्यंत दादाचं बरोबर. पण मुदत संपल्यावर काय, हे त्याला ऐकायचं नसतं. पोराची नोंद चांगली असेल आणि त्याच्या शाखेत जागा असेल तर तो पुन्हा करार करतो. चारांतला जास्तीत जास्त एक ठेवू, असं त्याला पहिल्या दिवशी कोणी ऐकवलेलं नसतं. बाहेर पडला तर जीआय बिल या माजी सैनिकांसाठीच्या शिक्षण योजनेतून छत्तीस महिने कॉलेजची फी आणि राहण्याचा भत्ता मिळतो, व्हीए म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या हमीवर घराचं कर्ज मिळतं, आणि टीएसपी या निवृत्तीच्या बचत खात्यात सरकारने घातलेली भर त्याच्याबरोबर जाते. हे शेवटचं आपल्या सेवानिधीच्या, म्हणजे अग्निवीराला चार वर्षांनी मिळणाऱ्या एकरकमी पैशांच्या, जवळचं आहे, ते मी मान्य करतो. अग्निवीराच्या व्याजासकट होणाऱ्या 11.71 लाखांत निम्मी वर्गणी त्याच्या पगारातली आणि निम्मी सरकारची असते. पण बाकीचं कुठे आहे?

आणखी एक गोष्ट दादाला तिथून दिसत नाही. इथे आरमारच पोरांच्या मागे फिरतं. भरतीचं मुख्यालय टेनेसीतल्या मिलिंग्टनला, समुद्रापासून शेकडो मैल आत. तिथे एक रिअर अ‍ॅडमिरल बसतो आणि त्याच्याकडून निघालेलं उद्दिष्ट उतरत उतरत आमच्या इथल्या दुकानांच्या रांगेत ऑफिस थाटलेल्या एका रिक्रूटरच्या, म्हणजे भरती करणाऱ्या पेटी ऑफिसरच्या, डोक्यावर येऊन बसतं. महिन्याला इतकी पोरं हवीत म्हणजे हवीत. 2023 च्या आर्थिक वर्षात 37,700 नवे खलाशी हवे होते, साडेसात हजार कमी पडले. मग रिक्रूटर वाढवले, लेखी परीक्षेत किंवा शारीरिक चाचणीत थोडक्यात अडकणाऱ्यांसाठी ग्रेट लेक्सलाच तयारीचे वर्ग काढले, वैद्यकीय सवलतींच्या फायली लवकर हलवल्या. पुढच्या वर्षी 40,600 चं उद्दिष्ट पार झालं.

आणि आपल्याकडे? 2022 मध्ये अग्निवीरांच्या पहिल्या भरतीत नौदलाकडे साडेनऊ लाखांच्या आसपास अर्ज आले. जागा तीन हजार. जिथे एका जागेसाठी तीनशे जण उभे असतात तिथे शब्द देताना कोणाला घाम फुटत नाही. इथे फुटतो, कारण समोरचं पोर उठून शेजारच्या दुकानात कामाला लागू शकतं. इथले लोक आपल्यापेक्षा भले आहेत असं मला म्हणायचं नाही. 1973 मध्ये सक्तीची भरती संपली तेव्हाच हे शहाणपण आलं. त्याआधी व्हिएतनामच्या चिखलात जाण्यापेक्षा जहाज बरं, म्हणून कित्येक पोरं आपणहून नेव्हीत येत. ती भीती गेली आणि आरमाराला मन वळवायला नव्याने शिकावं लागलं.

त्याआधीचा इतिहास अभिमानाने सांगण्यासारखा नाही. 1942 च्या जूनपर्यंत काळ्या माणसाला या आरमारात जवळजवळ फक्त अधिकाऱ्यांच्या मेसमधलं काम मिळे. फिलिपिनो पोरांचं तेच. त्यांची भरती त्यांच्या देशातल्या अमेरिकी तळांवर व्हायची, ते दुसऱ्या देशाचे नागरिक असतानाच, आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांच्या वाट्याला यायची ती स्टुअर्डची, म्हणजे अधिकाऱ्यांना वाढण्या-उचलण्याची, जागा. आमच्या शेजारचे निवृत्त चीफ (खलाशांतला वरचा हुद्दा) फिलिपिनो आहेत. त्यांचे वडील फिलिपिन्समधल्या सँगली पॉइंट या अमेरिकी तळावर भरती झाले आणि जन्मभर अ‍ॅडमिरलांची ताटं उचलत राहिले. मुलगा चीफ झाला. ते हे सांगतात तेव्हा आवाजात कडवटपणा नसतो, आणि मला तो का नाही हे अजून कळलेलं नाही.

आपल्याला हे बाहेरून शिकायची गरजही नव्हती. आपल्याच मुंबईत 18 फेब्रुवारी 1946 ला ब्रिटिशांच्या नौदलातल्या 'तलवार' या प्रशिक्षण केंद्रावरच्या खलाशांनी संप पुकारला. जेवण निकृष्ट होतं, गोरे अधिकारी शिव्या देत, हे सगळं शाळेत शिकवतात. पण तक्रारींच्या यादीत आणखी एक गोष्ट होती. भरती करताना दिलेली आश्वासनं खोटी निघाली होती. युद्धासाठी पोरं भराभर घेतली, सुटल्यावर नोकऱ्या देऊ म्हणाले, आणि युद्ध संपताच हात झटकले. हे आपल्या नौदलाच्या पोटात आहे. म्हणून ग्रुपवर वर्षांचा हिशोब चालतो तेव्हा मला चीड येते. चार असोत की पंधरा, दाराशी काय सांगितलं आणि जाताना हातात काय ठेवलं, ते बोला.

आमचे बाबा सतराव्या वर्षी नौदलात 'बॉय' म्हणजे शिकाऊ खलाशी म्हणून विशाखापट्टणमला गेले. पंधरा वर्षं नोकरी, मग पेन्शन. रक्कम थोडी, पण दर महिन्याला न चुकता यायची. त्या पेन्शनवर माझं इंजिनिअरिंग झालं आणि दादाने शिक्षण सोडून घर धरलं. मी इथे आलो तो त्या पेन्शनच्या जोरावर. अग्निवीराला ती नाही. हे मी दादाला लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर पुसलं.

कारण दादाचा ओंकार अग्निवीर आहे. नौदलाच्या पहिल्याच तुकडीतला. मार्च 2023 मध्ये चिल्काच्या नौदल प्रशिक्षण केंद्रात त्यांचं दीक्षांत संचलन झालं, सूर्यास्तानंतर, दिव्यांच्या उजेडात. अडीच हजारांवर पोरं, त्यांत अडीचशेहून जास्त मुली. दादा-वहिनी ओडिशापर्यंत गेले होते. फोटोत दादाने बाबांची पदकं मुठीत धरली आहेत. या वर्षाच्या अखेरीस ओंकारची चार वर्षं भरतात. पंचवीस टक्क्यांत तो असेल की नाही, माहीत नाही. दादा ग्रुपवर मावसभावाशी भांडत होता, असं मी दोन दिवस धरून चाललो होतो.

आता माझं. माझा मुलगा ईशान हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला नेव्हीत जायचंय. मी त्याला आधी हसण्यावारी नेलं, मग रागावलो, मग आमच्याच राज्यातल्या कॉलेजांच्या कमी फीचे तक्ते काढून दाखवले. तो शांतपणे म्हणाला, "आजोबा गेलेच होते ना." रिक्रूटर घरी आला, बूट दाराशी काढून बसला. पंचविशीतला, टेक्ससचा. त्याने एक वाक्य दोनदा सांगितलं, की जे करारात लिहून मिळत नाही ते मिळणार आहे असं धरू नकोस, मी सांगितलं तरी. मला तो आवडला, आणि आवडला याचाच त्रास झाला.

ईशान अजून सतराचा आहे, त्यामुळे आईवडिलांची सही लागते. त्याच्या वैद्यकीय नोंदीत चौदाव्या वर्षीचा इनहेलर निघाला आणि फाइल सवलतीसाठी वर गेली. त्या रात्री मला बरं वाटलं. पोराचा दमा उपयोगी पडला म्हणून बापाला बरं वाटलं, हे मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहितो आहे. तीन आठवड्यांनी सवलत मिळाली.

नागरिकत्वाच्या दिवशी मी हात वर करून शपथ घेतली होती. कायद्याने सांगितलं तर या देशासाठी शस्त्र धरीन, असं वाक्य त्यात आहे. मी ते स्पष्ट बोललो, पुढच्या रांगेत झेंडा हलवणाऱ्या या पोराकडे बघत. तेव्हा तो चार वर्षांचा होता. ते वाक्य त्याच्यावरून आपल्या घरात येईल असं मनातही आलं नव्हतं. भारताच्या नौदलात गेला असता तर मी सही केली असती का? दादाने केली. मी अजून केलेली नाही, आणि दादाला यातलं काही सांगितलेलंही नाही.

काल रात्री पाणी प्यायला खाली आलो तर ईशान किचन टेबलाशी व्हिडिओ कॉलवर होता. पलीकडे ओंकार, त्याच्याकडची सकाळ. म्हणजे या दोघांचं सगळं आधीच बोलून झालं होतं. ओंकार त्याला बोलाईन ही खलाशांची गाठ दाखवत होता. बाबांनी ती आम्हा दोघा भावांना पडवीत सुंभाच्या दोरीवर शिकवली होती. दादाने ओंकारला शिकवली. मला ती येत नाही आता, बोटं अर्ध्यावर अडतात, म्हणून ईशानला कधी दाखवलीच नाही. त्याच्या हातात लॅपटॉपची चार्जर वायर होती. "आधी फास, मग खालून वर," ओंकार सांगत होता, "अरे तसं नाही, कशाला तरी अडकव आधी." ईशानने मला टेबल रिकामं करायची खूण केली. टेबलाच्या कडेला संमतीचा फॉर्म होता. मी तो उचलून हातात धरला आणि वायरीचं दुसरं टोक त्याच्यासाठी ताणून उभा राहिलो.