शेजाऱ्याचं डोमेन विकलं, भाव मात्र आपला वाढला

डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटची नावं घेऊन विकण्याच्या धंद्यात श्रीमंत वाटत राहायचं असेल (होण्याची घाई नसेल), तर जाहीर झालेल्या विक्रीची यादी रोज सकाळी पोहे-जिलेबीबरोबर वाचावी. लोकमान्य नगरात बसून नेमबायो ही अशा विक्रीची नोंद ठेवणारी वेबसाइट उघडायला पैसे पडत नाहीत. तिथे शब्द, एक्स्टेन्शन (नावामागचं डॉट कॉम, डॉट नेट हे शेपूट), तारीख, विक्रीचं ठिकाण अशा चाळण्या लावता येतात. त्या लावू नका. ‘किंमत, जास्त ते कमी’ एवढंच बटण दाबा आणि वरच्या दहा ओळी पाठ करा.

व्हॉइस डॉट कॉम, 2019, 3 कोटी डॉलर. त्याशेजारी आपलं ‘बेस्ट-इंदोरी-शेव-ऑनलाइन डॉट नेट’ ठेवून बघा. तीन डॅश आणि एक एक्स्टेन्शन, एवढाच काय तो फरक! घेणाऱ्या ब्लॉकवनला त्याच नावाचं समाजमाध्यम काढायचं होतं आणि हाताशी क्रिप्टोतून उभा केलेला बक्कळ पैसा होता, हे विसरून जा. इन्शुरन्स डॉट कॉम 2010 साली 3 कोटी 56 लाख डॉलरला गेलं, त्यात नावाबरोबर चालती वेबसाइटही गेली. तेही विसरा. आपल्या नावावर अजून ‘लवकरच येत आहे’ची पाटी आहे, पण मनानं तो धंदा चालू आहेच.

आता ठिकाणाचा रकाना. याच्याकडे अजिबात बघू नका, कारण सगळा घोळ इथेच उघडा पडतो. ड्रॉपकॅच, नेमजेट किंवा गोडॅडीच्या मुदत संपलेल्या नावांच्या लिलावात बोली लावणारे बहुतेक तुमच्यासारखेच असतात: घेऊन पुढे विकणारे. तिथला भाव घाऊक. सेडोसारख्या डोमेनच्या बाजारावर एखादी कंपनी स्वतःच्या धंद्यासाठी नाव घेते तो किरकोळ. सराफ्यात मोड द्यायला गेल्यावर एक भाव आणि नवीन पाटल्या घ्यायला गेल्यावर दुसरा, तसं हे आहे. एकच नाव लिलावात 300 डॉलरला आणि तीन वर्षांनी एखाद्या कंपनीला 6,000 ला गेलेलं दिसू शकतं. दोन्ही ओळी खऱ्या. तुम्ही खरेदी करताना 6,000 ची ओळ बघून ‘स्वस्तात मिळतंय’ म्हणा आणि विकतानाही तीच बघा. 300 ची ओळ इतरांसाठी आहे.

न दिसणाऱ्या ओळींचा तर विचारच करू नका. कंपन्यांनी घेतलेली कितीतरी नावं गुप्ततेच्या करारात जातात, काही आकडे उशिरा कळतात. टेस्ला डॉट कॉम कंपनीनं 2016 पासून वापरायला घेतलं, पण 1 कोटी 10 लाख डॉलर मोजल्याचं मस्कनं सांगितलं ते 2018 मध्ये. शिवाय जी नावं दहा वर्षं कुणी विचारली नाहीत, त्यांची यादीच निघत नाही. म्हणजे समोर आहेत ते फक्त पास झालेले विद्यार्थी. त्यांच्या गुणांची सरासरी काढून ती स्वतःच्या सगळ्या डोमेनला लावावी. मध्यक काढू नये; एखाद्या मोठ्या सौद्यानं फुगलेली सरासरी त्यानं लगेच खाली येते आणि सकाळ खराब होते.

तारखेलाही महत्त्व देऊ नका. 2015 च्या शेवटी चिनी खरेदीदारांनी स्वर आणि ‘व्ही’ नसलेली चार अक्षरी डॉट कॉम नावं ढिगानं उचलली, भाव चढले आणि पुढच्या वर्षात कोसळले. तुम्ही मात्र पुरावा म्हणून डिसेंबर 2015 चीच ओळ जपून ठेवा. छापून काचेखाली लावली तर उत्तम.

सौदा पुरा झाला का, हे तपासणं तर शुद्ध आगाऊपणा. लिलाव जिंकून पैसे न भरणारे असतात, हप्त्यांवर घेऊन मध्येच सोडणारे असतात. दोन-तीन महिन्यांनी हूइजमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदीत, रजिस्ट्रार (नाव नोंदवणारी कंपनी) आणि नेमसर्व्हर (नाव कुठल्या वेबसाइटकडे न्यायचं ते सांगणारे संगणक) बदललेत का बघितलं, नाव उघडून कुठे जातंय ते पाहिलं, तर बराच अंदाज येतो. म्हणूनच ते करायचं नाही.

हिशेबाचा कागद बायकोपासून आणि स्वतःपासून लपवा. 200 डॉट कॉम नावं, नूतनीकरणाला प्रत्येकी साधारण 1,200 रुपये धरले तर वर्षाला 2,40,000. शंभरात एक नाव विकलं गेलं तर दोन विक्री, म्हणजे नुसती बरोबरी साधायला प्रत्येकीतून 1,20,000 हाती पडायला हवेत. मध्यस्थाचं कमिशन 20 टक्के असेल तर सौदा 1,50,000 चा पाहिजे. यादीतला आकडा बहुधा कमिशन कापण्याआधीचा असतो. तो तसाच खिशात पडला असं समजायला कुणाची हरकत नाही.

एवढं साधल्यावर एखाद्या नमकीनवाल्यानं मेल टाकून तुमच्या शेवेच्या नावाला 400 डॉलर देऊ केले, तर त्याला व्हॉइस डॉट कॉमची ओळ पाठवा आणि वर 40,000 मागा. तो डॅश नसलेलं, ‘डॉट इन’चं नाव काही शे रुपयांत नोंदवून मोकळा होईल. तुम्ही नूतनीकरणाचं कार्ड चालू आहे ना, तेवढं बघा.