फुटेज आहे न?

नागपुरात चोरी झालेल्या माणसाच्या पाठीवर कुणी हात वगैरे ठेवत नाही. 'काय गेलं?' हेसुद्धा मागाहून. पहिला प्रश्न एकच: 'फुटेज आहे न?' आणि तुम्ही 'आहे' म्हणालात की विचारणारा चपला काढून सरळ घरात शिरतो.

श्रावणाच्या सुरुवातीला आमचं नळाचं मीटर गेलं. पितळेचं असलं की भंगारात चांगला भाव येतो. मानेवाड्याकडच्या आमच्या गल्लीत आधी तोट्या गेल्या होत्या, मीटरचा मान आमचा पहिला. पहाटे गेटपाशी पाण्याचं कारंजं उडत होतं आणि त्याच्या बरोब्बर वर आमचा कॅमेरा. खरं सांगतो, मला आनंदच झाला. चार कॅमेरे, त्यांचं चित्र साठवणारा डीव्हीआर, त्यात एक टेराबाइटची हार्डडिस्क, एवढा खर्च करून आजवर त्यात एक मांजर तेवढं सापडलं होतं.

बघायला अर्धी गल्ली जमली. समोरचे काकाजी तर खुर्ची घेऊनच आले. मी माऊस धरला, प्लेबॅक उघडला, आजची तारीख टाकली. रेकॉर्डिंग नाही. कालची टाकली. नाही. परवाची. नाही.

"चोरानं पहिले फुटेजच नेलं असंन," काकाजी म्हणाले.

बायकोनं पोहे टाकले होते, ते मात्र सगळ्यांना मिळाले. शेवटी काकाजींच्या नातवानं माझ्या हातून माऊस घेतला, कॅलेंडर मागं मागं नेलं, आणि सगळं रेकॉर्डिंग १ जानेवारी २००० या तारखेला सापडलं.

डीव्हीआरच्या पोटात रुपयाएवढा एक सेल असतो. लाइट गेली तरी घड्याळ चालू ठेवणं एवढंच त्याचं काम. तो मेला होता. त्यामुळं लाइट जाऊन आली की आमचं यंत्र पुन्हा २००० सालात जन्म घ्यायचं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाइट किती वेळा जाते हे काय सांगायचं! त्या एका तारखेवर किती दिवसांचं रेकॉर्डिंग थरावर थर बसलं होतं देव जाणे. सकाळी दहा वाजता मी निळ्या शर्टात गाडी काढतोय, त्याच दिवशी, त्याच दहा वाजता मी पांढऱ्या शर्टात गाडी काढतोय. २००० साली आमच्या प्लॉटवर म्हशी चरायच्या, पण फुटेजमध्ये काकाजींची गेल्या दिवाळीत घेतलेली इलेक्ट्रिक स्कूटर दिमाखात फिरत होती.

तरी ती रात्र हुडकून काढली. स्क्रीनवरची रेकॉर्डिंगची हिरवी पट्टी दिवसा सलग, पण अंधार पडला की तिचे तुकडे. चित्र दिसायचं, मग काळा चौकोन आणि 'व्हिडिओ लॉस', मग पुन्हा चित्र. चोर दिसला. म्हणजे, चोराची डावी चप्पल दिसली. अंगठा तुटलेली, पिनेनं जोडलेली. पुढच्या तुकड्यात थेट कारंजं. गल्लीनं ती चप्पल पुढं-मागं करून मनसोक्त पाहिली, आणि काकाजी त्या दिवसापासून माणसाशी बोलताना त्याच्या पायांकडे बघू लागले.

तक्रार द्यायला गेलो तिथंही तेच, फुटेज आणा. पेनड्राइव्हमध्ये नेलं. साहेबांनी कोपऱ्यातली तारीख वाचली, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"एवढ्या वर्षांनी कायले आले?"

पेनड्राइव्ह मात्र ठेवून घेतला.

मग सीताबर्डीच्या एका दुकानातून पोट्टा आला. आला भर दुपारी, आणि दुपारी आमचा कॅमेरा ठणठणीत.

"भाऊ, हा तं चालून राह्यला."

"रात्री बंद पडतो."

"रात्री मी येत नाही," असं म्हणून तो शिडीवर चढला आणि आपलं हेल्मेट त्यानं कॅमेऱ्यावर पालथं धरलं. आत अंधार झाला. टिक. लेन्सभोवती लालसर ठिपके पेटले, मिणमिणले, विझले. थोडा वेळ शांत. मग पुन्हा टिक, पुन्हा ठिपके.

"कृष्ण कृष्ण," ओसरीत वाती वळत बसलेली आई म्हणाली आणि तिनं फरशीवर बोट टेकवलं.

पाऊस सुरू झाल्यापासून आमच्या ओसरीत रात्री पाल चुकचुकत होती, अशी तिची पक्की समजूत. ती 'पाल' म्हणजे कॅमेऱ्यातली काचेची चकती: अंधार पडला की इन्फ्रारेड उजेड आत यावा म्हणून ती सरकते, आणि सरकताना टिक करते. कॅमेरा रात्रभर बंद पडून पुन्हा सुरू होत होता आणि आई रात्रभर त्याला 'कृष्ण कृष्ण' म्हणत होती.

"मंजे ते शुभ नव्हतं का?" तिनं पोट्ट्याला विचारलं.

"नाही आजी, व्होल्टेज कमी होतं."

त्यानं मीटर लावून दाखवलं (पाण्याचं नाही, त्याच्याकडचं). उजेडात साडेअकराच्या आसपास व्होल्ट, दिवे पेटले की नऊच्याही खाली. अडॅप्टर बारा व्होल्टचा, पण तो माळ्यावर आणि कॅमेरा गेटवर. रात्रीच्या दिव्यांना करंट जास्त लागतो, आणि वायर लांब असली की बारा व्होल्ट वाटेतच गळतात. त्यात तांब्याची म्हणून दिलेली ती वायर पोट्ट्यानं ब्लेडनं खरवडली, तर आत पांढरीफटक. ॲल्युमिनियम! वरून तांब्याचा मुलामा. एवढ्या लग्नांत एवढे दागिने पारखणाऱ्या माझ्या बायकोनं कपाळावर हात मारला.

गेटपाशीच नवा अडॅप्टर बसला, सेल बदलला, घड्याळ इंटरनेटला जोडलं. दुसऱ्या दिवशी सहाचा दूधवाला फुटेजमध्ये साडेआठला आला. टाइम झोन बीजिंगचा राहिला होता. तोही बदलला.

आता सगळं नीट रेकॉर्ड होतं, हीच पंचाईत. शेजारच्या काकूंना त्यांची छत्री कुणी नेली ते बघायचंय, कोपऱ्यावरच्यांना त्यांच्या दारात कचरा कोण टाकतं ते. चार कॅमेरे प्रत्येकी सेकंदाला दोन मेगाबिटनं लिहितात, म्हणजे दिवसाला ८६ जीबी; टेराबाइट अकराएक दिवसांत भरतो आणि मग जुन्यावर नवं चढत जातं. त्यामुळं आमच्या गल्लीत कुठलंही भांडण आता अकरा दिवसांच्या आत उकरून काढावं लागतं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, ईडा-पीडा गावाबाहेर न्यायची पुतळ्यांची मिरवणूक; तिच्यासाठी गल्लीतल्या पोट्ट्यांनी आपला छोटा बडग्या, म्हणजे पुतळा, केला, छातीवर पाटी: 'व्हिडिओ लॉस'. डोकं डीव्हीआरच्या खोक्याचं, गळ्यात आमच्याच ॲल्युमिनियमच्या वायरचा हार. 'ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत' म्हणत निघाले, तेव्हा माझं लक्ष बडग्याच्या पायांकडे गेलं. डाव्या पायात अंगठा तुटलेली चप्पल, पिनेनं जोडलेली.

"कुठून आणली बे ही?"

"काकाजीच्या घरून."

मी धावत वर गेलो. त्या रात्रीवर नवं रेकॉर्डिंग केव्हाच चढलं होतं, आणि पेनड्राइव्ह साहेबांकडे.