‘अर्धवट ज्ञान’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. घरच्या डीव्हीआरसाठी (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या पेटीसाठी) राऊटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (त्या पेटीचा ठराविक पोर्ट, म्हणजे क्रमांकाचं दार, बाहेरच्यांसाठी उघडणं) कसं करायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. पोर्ट उघडणं धोक्याचं आहे, २०१६ साली मिराय या घातक प्रोग्रॅमने असेच कॅमेरे बळकावले, २०२१ मध्ये हिकव्हिजन कंपनीच्या कॅमेऱ्यांत मोठी त्रुटी सापडली, व्हीपीएन (इंटरनेटमधून घरापर्यंतची खाजगी, कुलूपबंद वाट) हाच खरा मार्ग आहे आणि सीजीनॅट (एकच इंटरनेट पत्ता अनेक गिऱ्हाईकांत वाटण्याची इंटरनेट कंपनीची पद्धत) असेल तर हे चालतच नाही, असं तुमचं म्हणणं. इथवर ठीक. पण शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘अर्धवट ज्ञानावर लोकांच्या घरांची दारं उघडी टाकू नका.’

हे वाक्य मला लागलं. मुद्दा खोडून काढा, पुरावा मागा, मी बसून उत्तर देईन. पण एखाद्याचं ज्ञान अर्धवट आहे असं म्हणण्याआधी निदान त्याचा लेख तरी पूर्ण वाचावा. मी नाशिकमध्ये या कामाला लागलो तेव्हा मोबाइलवर घरचा कॅमेरा दिसणं ही चैन होती. शिडीवर चढून थ्री प्लस वन केबल ओढायची, बीएनसी कनेक्टर लावायचे आणि मग राऊटरशी झुंजत बसायचं. घराचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलला की चित्र बंद, की गिऱ्हाईकाचा फोन. डीडीएनएस (आयपी बदलला तरी एकच नाव चालू ठेवणारी सेवा) लावून दिलं की तो थांबायचा. दिंडोरीकडच्या बागायतदारांच्या पॅकहाऊसपासून गंगापूर रोडवरच्या बंगल्यांपर्यंत ही कामं केलीत. तुम्ही काय करता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नावही लिहिलेलं नाही.

या कामात मी काय पाहिलं, ते सांगतो, कारण लेख त्यातूनच आला. कॅमेरे बसवणारा माणूस बहुतेकदा घाईत असतो. कोणता पोर्ट हवा ते बघत बसण्यापेक्षा तो डीव्हीआरचा आयपी राऊटरच्या डीएमझेडमध्ये टाकतो, फोनवर चित्र दिसलं की पैसे घेऊन निघतो. म्हणजे त्या डीव्हीआरचे झाडून सगळे पोर्ट इंटरनेटवर. पासवर्ड कारखान्यातून आला तोच. घरमालकाला यातलं काही माहीत नसतं. दारं उघडी टाकली जातात ती अशी, साहेब. मी लिहिलं ते या घरमालकासाठी. डीएमझेड बंद करा, डीएचसीपी रिझर्व्हेशन (राऊटरमध्ये पत्ता राखून ठेवणं) करून डीव्हीआरला कायमचा आयपी द्या, आणि ॲपला लागतो तेवढाच पोर्ट फॉरवर्ड करा: डीव्हीआर दाहुआ किंवा सीपी प्लस कंपनीचा असेल तर बहुधा ३७७७७, हिकव्हिजन असेल तर बहुधा ८०००. वेबचा (ब्राउझरमधून उघडणाऱ्या पानाचा) पोर्ट ८० उघडू नका. पासवर्ड आधी बदला, मग राऊटरला हात लावा. यातलं अर्धवट काय, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

मिरायचं नाव तुम्ही घेतलंत, तर तेही नीट पाहू. मिराय शिरायचा तो मुख्यतः टेलनेटमधून (दुरून यंत्राला आज्ञा देण्याची जुनी सोय), २३ आणि २३२३ या पोर्टांवर. त्याच्याकडे कारखान्यातल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या, त्या तो एकेक लावून बघायचा. अशा बळकावलेल्या यंत्रांच्या बळावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन (Dyn) या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारी सेवा) कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना उघडेनात. आता सांगा, डीएमझेडमधल्या डीव्हीआरचा टेलनेट चालू असेल तर २३ बाहेरून दिसतो. एकटा ३७७७७ फॉरवर्ड केला तर दिसत नाही. म्हणजे मिरायचा दाखला माझ्या बाजूने आहे. तो माझ्यावरच उगारलात, म्हणून इतकं लिहावं लागलं.

एक गोष्ट मान्य. राऊटरवरचं यूपीएनपी बंद करा, ही ओळ मी लेखात फार खाली दिली होती. यूपीएनपी चालू असेल तर डीव्हीआर परस्पर पोर्ट उघडून घेऊ शकतो, तेव्हा ती वर हवी. आजच वर घेतली.

बाकीचं थोडक्यात. हिकव्हिजनची ती त्रुटी वेबच्या पोर्टातून होती आणि ८० उघडू नका, फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवा हे दोन्ही लेखात आहे. व्हीपीएन चांगलं आहे, पण तो वेगळा विषय आहे. इंटरनेट कंपनीने दिलेल्या पुष्कळ राऊटरांत ती सोयच नसते, आणि सत्तरीच्या आजोबांना आधी व्हीपीएन जोडा मग ॲप उघडा असं सांगून बघा. सीजीनॅटचं म्हणाल तर राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. इंटरनेट कंपनीकडे स्टॅटिक (कायमचा) आयपी मागा, नाहीतर डीव्हीआर कंपनीचं क्लाउड ॲप वापरा. हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा. लेखातली कोणती ओळ चुकीची वाटते ती उद्धृत करा, म्हणजे त्या ओळीवर बोलता येईल.