शब्बाथ ‘फक्त यहुद्यांचा’? मग बैलाचं काय?

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला पुण्यातल्या चार जणांनी मोबाईलवर पाठवला, त्यातले दोघे नात्यातले. त्याचा सारांश असा: शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा विसाव्याचा दिवस, हा देवाने यहुद्यांपुरता केलेला करार आहे, तोरा या यहुदी धर्मग्रंथातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात तसं लिहिलंच आहे; सिनाय पर्वतावर देवाने दहा आज्ञा दिल्या त्याआधी तो कुणाला माहीत नव्हता; आज्ञेतला ‘उपरा’ म्हणजे धर्मांतर करून यहुदी झालेला माणूस; येशूने तर शब्बाथ मोडीतच काढला; आणि आपल्या रविवारच्या सुट्टीचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी रास्ता पेठेत वाढलेली बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारी यहुदी. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत तेलाचा दिवा लागलेला बघत मोठी झाले. हा मजकूर मला मुकाट्याने पुढे ढकलता येत नाही.

आधी त्यातलं खरं मान्य करते. निर्गम 31 मध्ये शब्बाथला देव आणि इस्राएल यांच्यातलं चिन्ह म्हटलं आहे. आमच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सगळ्या मानवजातीसाठी म्हणून नोहाच्या ज्या सात आज्ञा सांगितल्या, त्यांतही शब्बाथ नाही. तेव्हा ‘शब्बाथ पाळत नाही तो पापी’ असं कुणी यहुदी नसलेल्या माणसाला सुनावत असेल, तर त्याला आमच्या शिकवणीचा आधार नाही. पण बंधन कुणावर आणि विसावा कुणाला हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मजकूर लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच पोत्यात भरले.

दहा आज्ञांमधली शब्बाथची आज्ञा नीट वाचा. काम करायचं नाही ते कुणी? तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरा. हीच आज्ञा तोरातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पुन्हा येते, तिथे बैल आणि गाढव तर नाव घेऊन आले आहेत. बैलाशी कुणी करार करतं का?

‘उपरा म्हणजे धर्मांतरित’ हा मुद्दा तर त्याच पानावर कोसळतो. मूळ हिब्रू शब्द ‘गेर’. निर्गम 23:12 मध्ये सातव्या दिवशी गेरला विसावा मिळावा असं म्हटलंय. आता फक्त तीन ओव्या मागे जा: ‘तुम्हीही मिसर (इजिप्त) देशात गेर होता.’ शब्द तोच. आमचे पूर्वज मिसरात काय धर्म बदलून मिसरी झाले होते? ते परक्या मुलखात राबणारे परके लोक होते, एवढाच त्याचा अर्थ.

आणि याच 23:12 मध्ये मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट आहे. बैलाला आणि गाढवाला आराम मिळावा, दासीच्या मुलाला आणि उपऱ्याला ‘यिन्नाफेश’ व्हावं, असं तिथे लिहिलंय. हे क्रियापद ‘नेफेश’ म्हणजे जीव, यावरून आलं. मराठीत आपण म्हणतो ना, जीवात जीव आला, अगदी तेच. सहा दिवस सृष्टी घडवून सातव्या दिवशी देव थांबला, तेव्हा देवासाठीही हेच क्रियापद वापरलंय. कुठे? निर्गम 31:17 मध्ये. मजकुराने पुरावा म्हणून पुढे केलेला अध्याय तोच. दासीच्या मुलाच्या विसाव्याला आणि देवाच्या विसाव्याला तोरा एकच शब्द देते.

आमच्या आजीला हिब्रू व्याकरण येत नव्हतं. तिने कामाला येणाऱ्या मावशींना शनिवारी कधी येऊ दिलं नाही, पगारही कापला नाही. एकदा त्या म्हणाल्या, ‘आजी, पटकन भांडी घासून जाते.’ आजी उंबऱ्यातच उभी राहिली. ‘मी शब्बाथ पाळायचा आणि तू माझी खरकटी घासायची? मग पाळला कुणी?’

कोकणात आमच्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. सोमवारी घाणा थांबवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’. शनिवारी घाणा थांबला की जू उतरायचं ते बैलाच्या मानेवरून. शब्बाथ ‘फक्त यहुद्यांचा’ असं त्या बैलाला कुणी पटवून दिलं असतं?

सिनायचा मुद्दा लवकर आटपतो. निर्गम 16 मध्ये, सिनायला पोचण्याआधीच, सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना (देवाने रानात पुरवलेलं अन्न) मिळतो आणि सातव्या दिवशी गोळा करायचा नाही असं सांगितलं जातं. उत्पत्ती 2 मध्ये देव सातवा दिवस पवित्र करतो तेव्हा तर पृथ्वीवर एकही यहुदी नाही. येशूबद्दल बोलायचा अधिकार ख्रिस्ती वाचकांचा. मी एवढंच म्हणेन की मार्कच्या शुभवर्तमानात (2:27) त्याचे शब्द ‘शब्बाथ मनुष्यासाठी झाला’ असे आहेत. पुण्याच्या सॅलिसबरी पार्कातले अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती आजही शनिवारच पाळतात.

राहिला रविवार. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाईनने 321 मध्ये रविवारी शहरातली कामं बंद ठेवायचा हुकूम काढला. सातातला एक दिवस थांबायचं हे ख्रिस्ती लोकांनी घेतलं ते यहुदी शास्त्रातूनच. इंग्रजांच्या कचेऱ्यांबरोबर तो रविवार इथे आला, पण गिरण्यांतल्या मजुरापर्यंत पोचला नाही. त्यासाठी महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांना मुंबईत वर्षानुवर्षं झगडावं लागलं. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार, हाही त्यांच्या मांडणीतला एक मुद्दा होता. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्या कामगारांपैकी कुणी यहुदी व्हायला निघालं नव्हतं. सात दिवसांतून एकदा जीवात जीव यावा एवढंच त्यांना हवं होतं, दासीच्या त्या मुलाला हवं होतं तसंच.