कालवा बंद आहे, तोवर गव्हाची समजूत काढा

ऐन फेब्रुवारीत, पाणी कालव्यातून शेताकडे जाणाऱ्या निम्म्या चाऱ्यांपर्यंत पोचलेलं असताना कालवा दुरुस्तीसाठी बंद झाला की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाचं डोकं फिरतं. फिरू देऊ नका. दुरुस्ती तुमच्याच भल्यासाठी आहे, असं गेल्या आठवड्यात फोनवर ऐकायला मिळालं. फोन ठेवल्यावर सुचलेले काही उपाय टेलच्या बांधवांसाठी देतो आहे.

आधी सूचना वाचायला शिका. ती चौकीच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेली असते आणि चौकीला कुलूप असतं. ग्रुपवर आली तर तिरपा काढलेला फोटो येतो, तारखेवर शिक्का बसलेला. ‘अपरिहार्य कारणास्तव’ एवढं मात्र स्वच्छ दिसतं. बंदची मुदत किती, कोणत्या किलोमीटरला काम, हे विचारायचं असेल तर पाटकऱ्याला, म्हणजे काठाने फिरून पाण्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाला, विचारा. तो कालवा निरीक्षकाकडे बोट दाखवेल, निरीक्षक शाखा अभियंत्याकडे, आणि शाखा अभियंत्यांना ‘वरून’ आदेश असतो. वर म्हणजे कुठे, हे फार विचारू नये. वर फक्त धरण असतं आणि त्यात पाणी भरपूर असतं.

आता गव्हाशी बोला. नोव्हेंबरच्या मध्याला पेरलेला गहू फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात चिकात येतो. गव्हाला पाणी कधी द्यायचं हे शेतीखात्याच्या प्रत्येक पत्रकात छापलेलं आहे. १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटताना, ४० ते ४५ ला कांडी धरताना, ६० ते ६५ ला फुलोऱ्यात आणि ८० ते ८५ ला चीक भरताना. गहू हट्टी, हे वेळापत्रक सोडत नाही. त्याला प्रेमाने सांगा की बाबा रे, निधी ३१ मार्चला परत जातो, निविदेला उशीर झाला, तेव्हा तू यंदा चीक जरा एप्रिलात भर. नाहीच ऐकलं तर दाणा सुरकुततो, हलका पडतो, आणि आडतीवर मूठभर दाणे तळहातावर घेऊन व्यापारी तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ती नजर सोसायची तयारी ठेवा.

पोसायला लागलेल्या कांद्याकडे तर बघूच नका.

विहीर आहे ना? मग रात्री उठा. वीज तेव्हाच असते.

वेळ जात नसेल तर गणित करा. एक क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी सोडणारा, विमोचक (चारीत पाणी सोडायचं दार) २४ तास चालला की साधारण २,४५० घनमीटर पाणी निघतं. सात सेंटीमीटर पाण्याची एक पाळी धरली तर त्यात साडेतीन हेक्टर भिजतं, तेही पोटचारीत थेंबभर मुरलं नाही तर. म्हणजे चारीखाली ४० हेक्टर गहू असेल तर साडेअकरा दिवस अखंड पाणी हवं. त्यातलं आवर्तन, म्हणजे कालवा सोडल्यापासून बंद होईपर्यंतचा पाण्याचा फेरा, मधेच आठवडाभर तोडलं तर काय उरतं, ते तुम्हीच मांडा. शिवाय कोरड्या पडलेल्या चारीच्या तळाला काळ्या मातीत भेगा पडतात. पाणी परत सुटलं की आधी त्या पितात, मग वरच्या चाऱ्या ‘आमची पाळी अर्धी राहिली’ म्हणून पुन्हा उघडतात, मग तुम्ही. सिंचन टेलकडून हेडकडे, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीकडे, करायचं, असं धोरण आहे. कागद फार चांगला असतो, मोठ्याने वाचावा.

वरच्या अंगाला पाणी परस्पर ओढायला कालव्यात सोडलेले सायफनचे पाईप दिसले तर डोळे तपासून घ्या.

दुरुस्ती बघायला जरूर जा, फार शिकायला मिळतं. बंदचे पहिले तीन-चार दिवस तिथे कोणीच नसतं, कारण पाणी ओसरायचं असतं. बरोबरच आहे, पाणी घाईने ओसरू द्यायचंच नसतं. हेडचं गेट एका दमात खाली टाकलं तर कालव्यातली पातळी झरझर उतरते, पण कालव्याच्या काँक्रीटच्या अस्तरामागची माती भिजलेलीच राहते. तिच्यातल्या पाण्याचा दाब पुढून पेलायला काही उरत नाही आणि काँक्रीटचं पॅनेल पोटातून फुगून सुटतं. म्हणून पातळी टप्प्याटप्प्याने उतरवायची, म्हणून अस्तरात दाब सुटायला भोकं ठेवायची आणि त्यांच्या मागे वाळू-खडीचं गाळण भरायचं. आपल्याकडे गेट एका दमात पडतं, कारण गिअरला वंगण मिळून वर्षं झालेली असतात. ते हळूहळू उतरत नाही, पडतंच. आणि भोकं? ती गवंडी सिमेंटने लिंपून टाकतो. काम कसं गुळगुळीत दिसतं! फोटोत तर फारच छान.

पाचव्या दिवशी जेसीबी येतो. गाळ उपसून काठावरच टाकतो, म्हणजे पहिल्या वळवाला तो परत आत. काठावरच्या वेड्या बाभळी कोयत्याने कापतात, खोड मुळासकट काढत नाहीत. मुळं काठाच्या मातीच्या भरावात कुजतात, त्यांच्या जागी पोकळ नळ्या होतात आणि त्यातून गळती सुरू होते. फुटलेलं पॅनेल खरं तर काढायचं असतं. मागची पोकळी उघडी करायची, मुरूम पाणी मारून थराथराने ठोकायचा, काळी माती असेल तर न फुगणाऱ्या मुरमाचा थर द्यायचा, मगच नवं काँक्रीट. इथे भेगेतला गाळसुद्धा न खरवडता वर माल फासतात. तो माल किमान दोन आठवडे ओला ठेवायला हवा. कालवा सुटतो तिसऱ्या दिवशी. तेव्हा ‘पाण्यातच क्युरिंग होईल’ असं ऐकू येतं. होतं ना! पाण्याबरोबर तो माल तुमच्या चारीत येतो, चिमटीत धरून बघा, वाळू निघते. सिमेंट कुठे गेलं हे मात्र प्रयोगशाळेलाच ठाऊक, आणि नमुना प्रयोगशाळेत जातो तो दुसऱ्याच कुठल्या तरी कामाचा असावा, इतका तो सुंदर निघतो.

पुन्हा गळती, पुन्हा बंद, पुन्हा बिल. भराव पार फुटलाच तर खेकडे आहेतच. पुण्यात २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा फुटून वस्तीत पाणी घुसलं तेव्हा उंदीर, घुशी आणि खेकडे यांच्यावर जाहीरपणे ठपका ठेवला गेला होता. बिळं खोदून चिकणमातीने ठोकून बुजवायची, हे काम खेकड्यांनी वेळेवर केलं नाही, दुसरं काय.

पाणीपट्टी आधी भरा. थकबाकी असली तर पाणी मागणीचा नमुना नंबर ७ चा अर्ज नामंजूर होतो. बंद कालव्याच्या पाण्यासाठीसुद्धा अर्ज मंजूर असलेला बरा.

बास आता. दुरुस्ती नको असं टेलचा कोणता माणूस म्हणेल? गळतीत सगळ्यात आधी टेलच सुकतं. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा आहे. एवढ्या म्हाताऱ्या कालव्यांना दुरुस्ती लागणारच, दर वर्षी लागणार. पण कुठे गळतं हे ऑक्टोबरात आवर्तनाचं नियोजन करताना माहीत नसतं का? पाटकरी रोज काठाने चालतो, त्याच्या वहीत किलोमीटरसकट लिहिलेलं असतं. त्या वहीवरून कालवा सल्लागार समितीत पाळ्यांच्या तारखांबरोबर बंदच्या तारखाही ठरवा, दोन आवर्तनांच्या मधल्या. निविदा पाऊस असतानाच काढा. गेटांना वंगण, रबर सील, दांडे यासाठी अख्खा कालवा बंद लागत नाही, ती कामं आवर्तन संपताच करा. क्रॉस रेग्युलेटर, म्हणजे कालव्यात आडवी बसवलेली दारं, कशासाठी बांधलेत? जिथे वरच्या चाऱ्यांना पाणी देत खालचा टप्पा कोरडा ठेवता येतो तिथे तसं करा, सगळ्यांना उपाशी ठेवू नका. आणि अस्तर फोडून पाईप घालणाऱ्या वरच्या मंडळींनो, विमोचकाचं गेट भंगारात विकून तोंडाला पाचट आणि पोती कोंबणाऱ्यांनो, तुम्हीही गप्प बसा. निम्मी दुरुस्ती तुमच्यापायी निघते.

बंद करायचाच असेल तर पंधरा दिवस आधी प्रत्येक चारीच्या तोंडाशी फलक लावा. कोणत्या किलोमीटरपासून कुठपर्यंत काम, पाणी कधी बंद, काम कधी सुरू, पाणी कधी परत, हुकलेल्या पाळीचे दिवस कोणाला कधी भरून देणार, आणि फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर. ठेकेदाराचं यंत्र कालवा बंद होईल त्या दिवशी काठावर उभं पाहिजे. ते उभं नसेल तर गेटला हात लावू नका.