आमच्या घरातला पाचवा माणूस

जूनचा सेल लागलाय म्हणून रात्रीचं सगळं आवरून हौसेनं कॉम्प्युटरसमोर बसले. स्वतःसाठी गेम मी क्वचित घेते, तेही सत्तर-ऐंशी टक्के उतरल्यावर. गेम विकणारं ऑनलाइन दुकान उघडलं. वर ठळक अक्षरात 'खास तुमच्यासाठी'. खाली पहिलाच ट्रॅक्टर. दुसराही ट्रॅक्टरच, रंग तेवढा वेगळा. तिसऱ्या चित्रात एक सडकं प्रेत दात विचकून माझ्याकडं बघतंय. चौथा ट्रक. पाचव्यात एक मुलगी, जिचे डोळे तिच्या अंगावरच्या कपड्यांपेक्षा मोठे.

खास माझ्यासाठी! मी ज्युनियर कॉलेजात अकाउंटन्सी शिकवते हो.

कुठलं दुकान ते विचारू नका, सांगणार नाही. कॉम्प्युटरवरची घ्या नाहीतर मोबाइलवरची, सगळी एका माळेचे मणी. ज्यांच्या घरात गेम खेळतात त्यांना कळेल मी काय म्हणतेय. बाकीच्यांनी 'ह्या वयात गेम?' असं विचारायचं असेल तर ही पोस्ट सोडून पुढं जावं. ह्या वयात तुम्ही सिरियली बघता, मी काही बोलते का?

तर मुद्दा. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटर एकच आहे. हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. अकाउंटही एकच, माझ्या नावाचं, कारण पैसे माझ्या कार्डावरून जातात. त्यावर बसणारी माणसं मात्र चार. नवरा दिवसभर मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत घसा बसवून येतो आणि जेवण झालं की युरो ट्रक सिम्युलेटर लावून जर्मनीत शिरतो. चिरंजीव आठवीत, त्यांना झॉम्बी मारल्याशिवाय घास उतरत नाही. मी. आणि गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं येऊन राहिलेले माझे वडील, अण्णा.

दुकानाच्या हिशेबी आम्ही चौघं नाहीच आहोत. त्याच्या हिशेबी ह्या पत्त्यावर एकच इसम राहतो. दिवसा द्राक्षबाग बघतो, संध्याकाळी प्रेतांना गोळ्या घालतो, रात्री हँबुर्गला माल पोचवतो आणि अधूनमधून प्रेमात पडून रडतो. आम्ही कुणी त्याला बघितलेलं नाही. पण दुकान सगळं त्यालाच विचारून सुचवतंय, आणि 'तुमच्यासाठी' म्हणून मला दाखवतंय.

आता अण्णांचं सांगते.

अण्णांची जिंदगी तासगाव तालुक्यात द्राक्षाच्या बागेत गेली. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी फिरायचं तेवढंच फिरा, बाकी बसा म्हणून सांगितलं. आणि अण्णांना बसवणं म्हणजे, असो. टीव्हीवरच्या बातम्यांनी त्यांचा पारा चढायचा. मग लेकानं शक्कल लढवली आणि त्यांना फार्मिंग सिम्युलेटर 22 लावून दिला. 2021 साली आलेल्या ह्या आवृत्तीत पहिल्यांदाच द्राक्षं आली. बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची. वेलींच्या रांगा, त्यात चालणारा बुटका ट्रॅक्टर, यंत्रानं छाटणी, यंत्रानं तोडणी, सगळं.

पहिल्या दिवशी अण्णांनी चष्मा पुसून स्क्रीनला नाक लावलं आणि आधी द्राक्षावरचे रोगच शोधले.

"ह्यात डावणी येत न्हाई?"

"नाही अण्णा," मी म्हटलं.

"भुरी?"

"नाही."

"गोडी छाटणी कवा करायची?"

"एकदाच छाटायचं हितं."

"आन् मजूर?"

"मजूर नाहीत, यंत्रच सगळं करतं."

"मग कसली बाग म्हणायची ही," असं म्हणून उठले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजवरून आले तर तिथंच बसलेले, उजवा पाय स्टुलावर, माऊस हातात. त्यांना कळलं होतं की ह्या गेममध्ये द्राक्षांचा नुसता रसच नाही, बेदाणाही करता येतो. मग काय! आमच्या तासगावच्या माणसाला बेदाणा दाखवला, मग त्याला उठवणार कोण?

आणि हेच माझ्या सगळ्या रागाचं मूळ आहे, म्हणून नीट ऐका. त्या गेममध्ये मालाचे भाव महिन्यागणिक खाली-वर होतात. अण्णा काय करायचे, बेदाणा तयार करायचे आणि तो विकायचाच नाही. थांबवायचे. ट्रॅक्टर रांगेच्या तोंडाला उभा करून, इंजिन चालू ठेवून, भाव यायची वाट बघत बसायचे. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं भाव लिहून ठेवायचे, महिना आणि आकडा, महिना आणि आकडा, सौदा बघून आल्यावर घरी लिहायचे अगदी तसं. आणि वाट बघता बघता खुर्चीतच झोपायचे. गेम चालू. ट्रॅक्टर धडधडतोय. हॉलमध्ये दोघांचाही आवाज.

दुकानानं हे सगळे तास मोजले. अण्णांच्या दुपारच्या झोपा मोजल्या! आणि निष्कर्ष काढला की ह्या बाईला ट्रॅक्टर जिवापाड आवडतो.

ह्या शिफारशी चालतात कशा, तर त्यात काही जादू नाही. तुमच्या खात्यात कुठले गेम आहेत, त्यावर किती तास घातलेत, आणि तेच गेम तसेच खेळलेली जगातली बाकीची माणसं आणखी काय खेळतात, एवढ्यावर मुख्य गाडी चालते. स्टीम नावाच्या कॉम्प्युटर गेमच्या दुकानानं 2019 साली शिफारशीचं एक नवं यंत्र प्रयोग म्हणून आणलं, ते तर लोक काय खेळतात आणि किती तास खेळतात ह्यावरच शिकवलेलं. गेममध्ये काय आहे, तो दुःखी आहे का मजेशीर, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्याला दोन पट्ट्या दिल्या होत्या, एक जुने-नवे ठरवायला आणि एक गाजलेले-न गाजलेले ठरवायला, आपल्या हातानं सरकवायच्या. ते बरं होतं, कबूल. पण तास ते तासच.

तासांवरून आवड कळते असं ज्यानं कुणी ठरवलं त्यानं कधी आवडीचं काही अनुभवलंय का, मला शंका आहे. माझा जगातला सगळ्यात लाडका गेम 'फ्लॉरेन्स'. अर्ध्या-पाऊण तासात संपतो. एका मुलीचं प्रेम जमतं आणि मोडतं, बास, एवढीच गोष्ट. त्यात दोघांचं बोलणं सुरू झालं की बोलण्याच्या फुग्याचे तुकडे येतात, ते जुळवायचे. पहिल्या भेटीत पुष्कळ तुकडे, कारण काय बोलावं सुचत नसतं. ओळख वाढते तसे तुकडे कमी कमी होत जातात, शेवटी एकच उरतो, उचलला की ठेवला. आणि पुढं भांडण होतं तेव्हा त्याच तुकड्यांना टोकं आलेली असतात. शब्द नाही, काही नाही. मी ते बघून बाल्कनीत जाऊन उभी राहिले होते. आत यायला वेळ लागला.

तर दुकानाच्या वहीत ह्याची नोंद: अर्धा-पाऊण तास. अण्णांच्या एका डुलकीपेक्षा कमी! म्हणजे मला तो आवडलाच नसणार.

पाहुण्यांसाठी एकदा भडंगाची दहा पाकिटं नेली, म्हणून दुकानदारानं पुढं वर्षभर मी दिसले की भडंगाचं पोतं काउंटरवर आणून ठेवावं आणि 'खास तुमच्यासाठी' म्हणावं, तसं चाललंय हे. सांगलीत असा दुकानदार एक महिना टिकणार नाही.

बरं, फ्लॉरेन्सची दखल घेतली एकदा दुकानानं, नाही असं नाही. आणि काय घेतली! त्याच्यावर 'रोमान्स' असा शिक्का आहे. मग रोमान्सच्या फळीवर जे जे काही आहे ते सगळं माझ्या पानावर ओतलं. त्या मोठ्या डोळ्यांच्या पोरी तिथून आल्या. शाळेचा गणवेश, आणि पुढचं मी लिहीत नाही. चिरंजीव शेजारच्या खुर्चीत सायन्सचं जर्नल पूर्ण करत बसलेले. मी पान बंद करेपर्यंत त्यांनी बघितलं आणि मला म्हणतात, "मम्मी, तू असलं खेळतेस?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, एका प्रेमाच्या गोष्टीसाठी रडलेली बाई आणि हे असलं बघायला आलेला गडी ह्यांच्यात फरक करता येत नसेल तर काय उपयोग तुमच्या त्या अल्गोरिदमचा? फिल्टर असतात, सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं, माहीत आहे मला, केलंही बंद. पण घाण आधी माझ्या दारात टाकायची आणि झाडू मीच शोधायचा, हा कुठला न्याय?

आता कमेंटमध्ये कुणीतरी शहाणा येणार आणि म्हणणार, ताई, प्रत्येकाचं वेगळं अकाउंट काढा. स्टीमवर 2024 पासून एका घरातल्या सहा जणांपर्यंत कुटुंबाची सोय आहे, प्रत्येकाचे तास वेगळे, सेव्ह म्हणजे साठवून ठेवलेला खेळ वेगळा, गेम सामायिक. चांगली सोय आहे, मान्य. पण मला सांगा, बहात्तरीतल्या माणसाला ईमेल आयडी काढून द्यायचा, पासवर्ड लक्षात ठेवायला लावायचा, दर वेळी मोबाइलवर आलेला कोड टाकायला लावायचा, कशासाठी? दुपारी बेदाण्याचा भाव बघायला? आमच्याकडं जो बसतो तो खुर्चीत बसतो आणि खेळतो. लॉगइन कोण करतं? टीव्ही लावताना करतो का कधी? 'एक मशीन, एक माणूस' हे ज्यांच्या घरात असतं त्यांनी बनवलेल्या ह्या सोयी. आपल्याकडं रिमोट एक, गीझर एक, दुचाकी एक, आणि सगळ्यांचं चालतं. भांडणं होतात, पण चालतं.

अण्णा दिवाळीनंतर गावी परत गेले. गुडघा आता बरा आहे, काठीशिवाय फिरतात. बाग भाऊ बघतो, पण खरड छाटणीच्या वेळी हे बांधावर खुर्ची टाकून बसणारच, आणि मजुरांना शिकवणारच. फोन आला की आधी लेकाची चौकशी, मग माझ्या नवऱ्याची, मग पावसाची, आणि सगळं संपल्यावर, फोन ठेवता ठेवता, हळूच, "माझा बेदाणा इकलास का काय गं?"

नाही अण्णा. आहे तसाच आहे.

त्या ट्रॅक्टरवाल्या शिफारशींवर 'रस नाही' दाबता येतं. आज संतापात दाबायलाही गेले होते. त्यानं काही अण्णांचा सेव्ह पुसला जात नाही, मला चांगलं माहीत आहे, मी काही अडाणी नाही. तरी दाबलं नाही. का ते विचारू नका.

पण दुकानाला मी माफ करत नाहीये, हां! कारण सगळ्यात मोठा राग अजून सांगितलेलाच नाही.

'राजी: अॅन एन्शंट एपिक' नावाचा गेम आहे. 2020 साली आला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला. हरवलेल्या भावाला शोधत निघालेली एक मुलगी, राजस्थानी धाटणीचे वाडे-किल्ले, देवी तिला शस्त्र देते, आणि मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांमधून सांगितलेल्या. भिंतींवरच्या चित्रांपाशी मी इतकी थांबत होते की लढाई राहून गेली. हा गेम मला कुणी सांगितला? बारावीतल्या एका विद्यार्थिनीनं, ताळेबंद शिकवून झाल्यावर, जिन्यात. तोवर तो येऊन काही वर्षं झाली होती. एवढ्या काळात दुकानानं मला किती ट्रॅक्टर दाखवले असतील! सांगलीतल्या बाईला पुण्यातला गेम एकदाही दाखवावासा वाटला नाही. रात्रीची एसटी पकडली तर पहाटे स्वारगेट येतं, एवढ्या अंतरावरची गोष्ट. पैसे मी रुपयांत भरते, म्हणजे मी कुठं राहते ते दुकानाला पक्कं माहीत आहे. किंमत लावताना मी भारतात असते, गेम सुचवताना मी कुठेच नसते.

हो, माल प्रचंड आहे. 2024 ह्या एका वर्षात एकट्या स्टीमवर 18,000 हून जास्त गेम आले. पूर्वी तिथं लोकांच्या मतांवर गेम आत यायचे, 2017 ला ती पद्धत मोडून 100 डॉलर भरा आणि माल लावा असं झालं. कुणीतरी निवडून द्यायला हवंच, कुणाच्या बापाला एवढं चाळून होणार नाही. पण निवडून देणं आणि तेच तेच पुन्हा ताटात वाढणं ह्यात फरक आहे की नाही? त्या विद्यार्थिनीला माझे तास माहीत नव्हते. तिनं कधीतरी वर्गात मला कुठल्याशा चित्राबद्दल बोलताना ऐकलं असणार, त्यावरून तिनं ओळखलं. बास.

नवरा आत्ता मागून डोकावून गेला. म्हणे, "एवढं लिहिण्यापेक्षा तो ट्रक दाखव जरा, किती टक्के उतरलाय?"

पंच्याहत्तर. घेतला त्यानं. माझ्या कार्डावरून. म्हणजे आता पुढचे सहा महिने ट्रक.

असो. सेल अजून काही दिवस आहे आणि मी अजून काही घेतलेलं नाही. तुम्हीच सांगा. प्रत्येकानं कमेंटमध्ये एकच गेम लिहा, आणि का आवडला ते दोन ओळींत लिहा. किती तास खेळलात ते लिहिलंत तर ब्लॉक करेन. हजाराच्या आतला हवा, आमचा कॉम्प्युटर जुना आहे, फार भारी ग्राफिक्स ओढणार नाही. बंदुका नकोत. आणि कुणाला शेतीचा असा गेम माहीत असेल ज्यात ठिबक आहे, औषध फवारणी आहे, डावणी येते आणि अवकाळीनं घड जातात, तर तोही सांगून ठेवा. दिवाळीला अण्णा येणारेत.