विश्वविजेता व्हायचंय? मग बुक्की सगळ्यात शेवटी शिका

भाऊ, वजनाची काळजी तुम्ही करूच नका. बॉक्सिंगमधलं हेवीवेट म्हणजे २०० पौंडांच्या वर, आपल्या काट्यावर ९० किलो ७०० ग्रॅमच्या पुढे. थंडीत शेतातल्या भरीत पार्ट्या, लग्नसराईतली वरणबट्टी आणि तूप वाढताना हात आखडता न घेणारा वाढपी, एवढ्या भांडवलावर खान्देशातला माणूस चाळिशीच्या आत तिथं पोहोचतो. घाम गाळायला वेगळी जागा नको. मे महिन्यात दुपारी जळगावच्या रस्त्यावर उभं राहिलं तरी पुरतं. म्हणजे अर्धी तयारी झालेलीच आहे. उरली बुक्की. तर बुक्कीपायी जवानी वाया घालवू नका, हे सांगायलाच बसलोय.

तुम्ही कोण सांगणारे, असं विचाराल. मीही लढलोय. वय वर्षं नऊ, गिरणाकाठच्या गावची जत्रा, रेवड्यांची कुस्ती. समोरचा पोरगा पंचांचा भाचा. मी त्याला दोनदा खाली घेतला, तेव्हा पंच तंबाखू मळत होते. मग त्यानं मला एकदा ढकललं. माझा एक खांदा मातीला लागला न लागला तोच शिट्टी. त्याच्या मुठीत रेवड्या, माझ्या तोंडात माती. रडत चुलत्यांकडे गेलो, तर त्यांनी माझं नाक धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि म्हणाले, "येड्या, पंच पाहून जोड लावायची असते." त्यानंतर चाळीस वर्षं हेवीवेट चॅम्पियनांचा इतिहास वाचत आलो. चुलत्यांच्या पुढं कोणी गेलेलं दिसलं नाही.

जॉन एल. सुलिवनचं उदाहरण पोरांना मुळीच सांगू नका. ८ जुलै १८८९ ला मिसिसिपीतल्या उन्हात हा गडी जेक किलरेनशी उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या लढला. दोन तासांच्या वर. जिंकला, मोठं नाव झालं. तीनच वर्षांनी न्यू ऑर्लिन्सला हातमोजे घालून लढायची वेळ आली, तेव्हा एकविसाव्या फेरीत त्याला जेम्स कॉर्बेटनं आडवा केला. कॉर्बेट आधी काय करायचा? बँकेत कारकून होता. बँकेत चिकटवण्यासाठी पोराच्या मागं लागणाऱ्या आपल्याकडच्या बापांना जग उगीच हसतं.

पण सुलिवनकडून एक गोष्ट मात्र उचलावी. काळ्या मुष्टियोद्ध्यांशी लढणार नाही, असं त्यानं जाहीर करून टाकलं होतं. काय सोय आहे पाहा! ज्याच्याकडून मार बसायची भीती, त्याला आखाड्यात येऊच द्यायचं नाही आणि वर त्याला तत्त्व म्हणायचं. विहिरीवर कोणी यायचं नि कोणी लांब उभं राहायचं हे जिथं पिढ्यान्‌पिढ्या ठरत आलं, तिथल्या माणसाला हा डाव शिकवायची गरजच नाही.

या डावात पहिली खोट आणली जॅक जॉन्सन या काळ्या गड्यानं. कॅनडाचा टॉमी बर्न्स चॅम्पियन होता आणि जॉन्सन त्याच्या मागं मागं पार ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत जोड लागली. मार खाणाऱ्या बर्न्सला ३० हजार डॉलर, मारणाऱ्या जॉन्सनला ५ हजार. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली, आणि गोरा चॅम्पियन पडताना जगाला दिसू नये म्हणून चित्रीकरणही तिथंच बंद करण्यात आलं. (आपल्याकडेही कोणाचे दिवे नेमके कधी जातात, हा अभ्यासाचा विषय आहे.) मग जॉन्सनला पाडायला गोरा शोधा म्हणून एकच धावपळ. शेवटी निवृत्त होऊन शेतात लसूणघास पिकवणाऱ्या जिम जेफ्रीजला गाठलं, त्याचं अफाट वाढलेलं वजन उतरवलं आणि ४ जुलै १९१० ला रीनो गावात उभा केला. पंधराव्या फेरीत जॉन्सननं त्याला पाडला. त्या रात्री अमेरिकेच्या शहराशहरात दंगली झाल्या, काळी माणसं मारली गेली, आणि त्या लढतीची फिल्म दाखवायला ठिकठिकाणी बंदी आली.

मुठीनं हरत नाही म्हटल्यावर कायदा काढला. गोऱ्या मैत्रिणीला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलं, या आरोपावर १९१३ मध्ये गोऱ्या ज्यूरीनं त्याला दोषी ठरवलं. गडी देश सोडून पळाला आणि १९१५ मध्ये हवानाला सव्विसाव्या फेरीत जेस विलार्डकडून हरला. माफी मिळाली २०१८ मध्ये. तो वारला १९४६ मध्ये. आपल्या तहसिलीतला फेरफार एवढा रखडत नाही, असं म्हणणार होतो, पण राहू द्या. जॉन्सन हरल्यावर पुढची २२ वर्षं एकाही काळ्या माणसाला या किताबासाठी लढू दिलं नाही. त्या काळातले सगळे चॅम्पियन जगज्जेते म्हणूनच छापले जातात.

मधल्या काळातही शिकण्यासारखं पुष्कळ आहे. जॅक डेम्प्सीला १९२३ मध्ये लुई फिर्पोनं दोरांमधून थेट रिंगबाहेर फेकला. तो पडला खाली बसलेल्या पत्रकारांवर, आणि त्यांनीच त्याला ढकलून परत वर चढवला. दुसऱ्या फेरीत तो जिंकलासुद्धा. पत्रकारांना पुढची खुर्ची आणि गरम चहा द्यावा असं मी म्हणतो, ते उगीच नाही.

बसून किताब मिळवायचा असेल, तर १९३० चा मॅक्स श्मेलिंग पाहा. जॅक शार्कीनं चौथ्या फेरीत त्याला पट्ट्याखाली बुक्की मारली. श्मेलिंग ओटीपोट धरून खाली बसला, शार्की बाद झाला आणि खाली बसलेला माणूस विश्वविजेता ठरला. हेवीवेटचा किताब असा मिळवणारा तो पहिलाच. ही गोष्ट मी अमळनेरला ओट्यावर सांगितली, तर एक आजोबा बिडी विझवून म्हणाले, "हाऊ तं खाले बसेल व्हता, मंग जिकना कसा?" त्यांना उत्तर देता आलं नाही. शिक्षण आडवं येतं.

पण सगळ्या इतिहासात मी हात जोडतो तो फक्त जेम्स ब्रॅडॉकपुढं. मंदीत गोदीवर हमाली केलेला, सरकारी मदतीवर घर चालवलेला माणूस. १९३५ मध्ये मॅक्स बेअरला हरवून चॅम्पियन झाला आणि घेतलेली मदत त्यानं सरकारला परत केली. तेवढा भाग शाळेत सांगायला ठीक आहे. खरी हुशारी पुढं आहे. आता त्याला गाठणार जो लुई, तरणाबांड, आपला निभाव लागणार नाही हे दिसतंय. मग ब्रॅडॉकच्या मॅनेजरनं सौदा केला. जोड लावतो, पण आमचा गडी हरला तर लुईच्या किताबी लढतींच्या कमाईतला दहावा हिस्सा, दहा वर्षं, आमचा. २२ जून १९३७ ला शिकागोत आठव्या फेरीत ब्रॅडॉक तोंडावर पडला आणि पेन्शन सुरू झाली. आमच्या रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा. झाड त्याचं, घड त्याचा, वादळ त्याचं, भाव मात्र दुसऱ्याचा. ब्रॅडॉकनं आपला पराभवसुद्धा स्वतः ठरवलेल्या भावानं विकला. असा एक माणूस आमच्या भागात जन्मला असता, तर सोसायट्या कर्जमुक्त झाल्या असत्या.

आणि जिंकणाऱ्या लुईचं काय झालं? जवळजवळ बारा वर्षं चॅम्पियन, २५ वेळा किताब राखला. १९३८ मध्ये त्याच श्मेलिंगला १२४ सेकंदांत झोपवला. युद्धात दोन लढतींची बिदागी सैनिकांच्या मदतनिधीला देऊन टाकली. कर खात्यानं त्या दिलेल्या पैशावरही कर लावला. व्याज चढत गेलं, म्हातारपणी पैशासाठी नाटकी कुस्त्या लढला, आणि शेवटी लास व्हेगासच्या एका कॅसिनोत येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांशी हात मिळवायची नोकरी केली. आता तुम्हीच सांगा, दोघांत पोरानं कोणाचा फोटो भिंतीवर लावावा?

तरी तुम्हाला हरण्याचे पैसे नकोत, विजेत्याच्या कमरेचा पट्टाच हवा, असा हट्ट असेल, तर काळजी नको. आता पट्टे मुबलक आहेत. पूर्वी गावात एक गणपती असायचा. मग वरच्या आळीनं वर्गणीचा हिशेब मागितला आणि खालच्या आळीचा दुसरा बसला. तसंच इथं झालं. किताब वाटणाऱ्या संस्थांपैकी डब्ल्यूबीएनं १९६२ मध्ये हे नाव घेतलं, १९६३ मध्ये डब्ल्यूबीसी आली, १९८३ मध्ये आयबीएफ, १९८८ मध्ये डब्ल्यूबीओ. चारही विश्वाच्या, चारही खऱ्या, चौघांची फी वेगळी. वजनगट एक आणि जगज्जेते चार. त्यातही डब्ल्यूबीएनं आपल्या एकाच पट्ट्याचे 'सुपर' आणि 'रेग्युलर' असे दोन भाग केले. शिवाय 'अंतरिम', म्हणजे तात्पुरता, विजेता असतो. डब्ल्यूबीसीकडे 'विश्रांतीवर असलेला विजेता' असंही पद आहे. आमच्या मंडळात अध्यक्ष, कार्याध्यक्ष, स्वागताध्यक्ष आणि नुसते 'मार्गदर्शक' असे चौघं असतात. आरतीचं ताट पहिलं कोणी धरायचं यावरून दरवर्षी खरी लढत होते. तिला मात्र पट्टा नाही.

या पट्ट्यांत तुमचा आदर्श म्हणजे केन नॉर्टन. १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सनं मुहम्मद अलीला हरवलं, पण डब्ल्यूबीसीनं सांगितलं त्या नॉर्टनशी न लढता अलीशीच परतीची लढत ठरवली. संस्थेला राग आला. तिनं स्पिंक्सचा किताब काढला आणि नॉर्टननं आदल्या वर्षी जिंकलेली साधी लढत मागच्या तारखेनं किताबाची ठरवून त्याला घरपोच चॅम्पियन केला. त्यानं आयुष्यात किताबासाठी तीन लढती लढल्या आणि तिन्ही हरला. तरीही माजी विश्वविजेता. माजी ही पदवी खान्देशात किती वर्षं चालते, हे लग्नपत्रिकांतल्या निमंत्रकांच्या यादीत पाहा.

रिडिक बोचं तर काय सांगावं. डिसेंबर १९९२ मध्ये त्यानं लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. संस्थेनं तो किताब लेनक्स लुईसला दिला. बुक्की एक नाही, फक्त डबा जवळ हवा. २०२४ मध्येही असंच झालं. मे महिन्यात रियाधला युक्रेनच्या ऑलेक्झांडर उसिकनं चारही पट्टे एकत्र केले, जूनमध्ये आयबीएफचा सोडला, आणि डॅनियल ड्युबॉइस बसल्या जागी चॅम्पियन झाला. तेव्हा खुर्ची चांगली निवडा, आणि वरचा माणूस कोणत्या संस्थेवर रुसलाय याची बातमी ठेवा.

खरं बोलायचा मोह मात्र टाळा. अलीनं १९६७ मध्ये सैन्यात भरती व्हायला नकार दिला, तर किताब गेला, परवाना गेला, ऐन उमेदीची साडेतीन वर्षं गेली. सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये त्याची शिक्षा रद्द केली, पण तारुण्य परत करायचा अधिकार न्यायालयाला नसतो. त्यानंतरही गडी १९७४ मध्ये आफ्रिकेत किन्शासाला गेला, दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचा मार खात राहिला आणि आठव्या फेरीत त्याला पाडलं. ते पाहून मी अख्खा एक आठवडा बुक्कीवर विश्वास ठेवला होता. तुम्ही तसं करू नका.

फोरमनचंच पाहा. पंचेचाळिसाव्या वर्षी, १९९४ मध्ये तो पुन्हा चॅम्पियन झाला, ही गोष्ट वेगळी. पण त्याची खरी कमाई झाली ती विजेवर चालणाऱ्या मांस भाजायच्या तव्यावर. त्या तव्याला आपलं नाव वापरू द्यायचे १९९९ मध्ये त्याला १३ कोटी ७५ लाख डॉलर मिळाले. आमच्याकडे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणारी माणसं आहेत, धुरानं डोळे लाल झालेली. कोणाला त्या वांग्याला स्वतःचं नाव द्यायचं सुचलं नाही. तिकडं ४० कोटी डॉलरच्या आसपास कमावल्याचं सांगतात त्या माइक टायसननं २००३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

शेवटी एक खर्च मात्र आधीच करून ठेवा. फ्लॉइड पॅटरसन १९५६ मध्ये २१ व्या वर्षी चॅम्पियन झाला होता. सप्टेंबर १९६२ मध्ये सनी लिस्टनशी लढायला निघाला, तेव्हा त्यानं बरोबर खोटी दाढी आणि मिशी घेतली. पहिल्याच फेरीत पडला. रात्रीच दाढी लावून गाडीनं निसटला, पुढं विमानानं माद्रिदला गेला. तिथं म्हातारा दिसावा म्हणून लंगडत चालला आणि म्हातारे तेच खातात असं वाटून सूप पीत राहिला. इतकी पूर्वतयारी दुसऱ्या कोणा चॅम्पियननं केलेली मला माहीत नाही. आपल्याकडे सोंगं काढणाऱ्यांकडे दाढी मिळते, चिकटवायचा डिंकही तेच देतात. सुपाऐवजी डाळ भुरकली तरी चालेल. फक्त कोणत्या पायानं लंगडायचं ते घरूनच ठरवून निघा. भुसावळच्या बसस्टँडवर गावचं कोणी ना कोणी भेटतंच.